भोंग्यावर उठणारे लोक

जनतेच्या प्राणांपेक्षा मोठं असं या जगात काही नाही, हे सूर्यभानजींच्या आयुष्याचं तत्त्व होतं. हे तत्त्व त्यांना एका मंगळवारी सकाळी, चहा पिताना, हातात नोटीस पडल्यावर सुचलं.

त्याआधीची दोन वर्षं ते तत्त्वाशिवाय बरे चालले होते. अमरावतीहून भातकुलीकडे जाताना डाव्या हाताला झेंडूचं शेत लागतं. त्या शेताचा रस्त्याकडचा तुकडा म्हणजे ‘लीलाई सभागृह व लॉन, संपूर्ण वातानुकूलित’. नाव बायकोचं. लीलाबाईंना कोणी विचारलं नव्हतं, पण कमानीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत आपलं नाव पाहिल्यावर त्यांनीही फार ताणलं नाही. घराण्यात तीन पिढ्या झेंडू, शेवंती, वांगी, कोबी. लोकांच्या लग्नांना फुलं पुरवता पुरवता सूर्यभानजींच्या ध्यानात आलं, की फुलं पिकवणाऱ्यापेक्षा ज्याच्या छताखाली ती सुकतात, तो माणूस जास्त सुखात असतो. मग त्यांनी छत घातलं.

पुढे दूरच्या कुठल्याशा शहरात एका हॉलला आग लागली आणि रिवाजाप्रमाणे आमच्याकडच्या हॉलांना नोटिसा निघाल्या. धूर ओळखणारी यंत्रणा बसवा, भरल्या हॉलात चाचणी द्या, प्रमाणपत्र घ्या. नाहीतर कुलूप.

कुलपाला सूर्यभानजी भ्यायले नसते. कुलपं येतात, जातात. पण मे महिन्यात त्यांच्या लेकीचं, आकांक्षाचं, लग्न होतं, याच हॉलात, आणि व्याही अकोल्याचे होते. नत्थुजी. काळ्या जमिनीवरचं जुनं घर; कापूस होवो न होवो, मान दरसाल भरघोस पिकायचा. ही सोयरीक जमली होती ती एसीवर. बैठकीतच नत्थुजींनी मोकळेपणानं सांगून टाकलं होतं:

“पोरगी शिकलेली आहे, घर चांगलं आहे. हे त सगळ्याच पोरींचं असते जी. पन मे महिन्यात आमची वरात थंड्या हवेत बसन, हे अकोल्यात अजून कोनाले जमलं नाई. म्या सगळ्यायले सांगून ठेवलं आहे.”

“आन् हॉल नाई भेटला त?” सूर्यभानजींनी सहज विचारलं.

“मंग पाहू,” नत्थुजी म्हणाले.

वऱ्हाडात व्याही ‘पाहू’ म्हणाला, की मुलीच्या बापाला रात्री झोप लागत नाही.

नत्थुजी म्हणजे काय चीज आहे हे साखरपुड्यालाच कळलं होतं. माइकवाल्यानं ‘सर्वांनी भोजनाचा आस्वाद घ्यावा’ असं पुकारलं आणि मुलीकडचे आस्वाद घ्यायला गेले. मुलाकडचे जागचे हलले नाहीत. चांगला वेळ गेला. शेवटी लीलाबाईंनी नवऱ्याला कोपरखळी मारली तेव्हा सूर्यभानजी धावत व्याह्यांकडे गेले. नत्थुजी शांतपणे म्हणाले, “माइकवरून ढोरं बोलावतात, इवाई नाई.” मग कुंकू, टोपी, दुपट्टा, हात जोडणं, नाव घेऊन ‘चला जी’ म्हणणं, असं सगळं झालं. भात तोवर गार झाला होता. तोही नत्थुजींनी लक्षात ठेवला.

तर हॉल उघडा राहायला हवा होता. सूर्यभानजींनी अकोल्याच्याच शेखर नावाच्या इंजिनिअरला यंत्रणेचं काम दिलं. तेवढाच व्याह्यांच्या गावाला मान. शेखरनं छतभर पांढऱ्या, उपड्या वाट्यांसारखी यंत्रं चिकटवली आणि भिंतीवर लाल भोंगा बसवला.

“काका, धूर वर जाते. वाटीत शिरला का भोंगा वाजते. भोंगा वाजला का सगळ्यायनं बाहेर.”

“अगरबत्तीनं वाजन का?”

“नाई.”

“होमानं?”

“एसीच्या हॉलात होम कोन करते, काका?”

“सगळेच करतात लेका.”

शेखरनं विचार केला आणि मांडवावरची वाटी जरा पलीकडे सरकवली. मागच्या दारावरच्या वाटीचा विचार कोणीच केला नाही. त्या दाराबाहेर सहदेव आचाऱ्याची भट्टी होती, आणि भट्टीपलीकडे लॉन, जिथे पंगती बसत.

यंत्रणा बसल्यावरचं पहिलं लग्न. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि मागे सहदेवनं वांग्याच्या भाजीला फोडणी दिली. त्याच्या फोडणीत लाल तिखट इतक्या सढळ हातानं पडे, की नवखा वाढपी डोळे पुसत घरी निघून जायचा. तो सगळा धूर दारातून आत आला, वाटीत शिरला आणि भोंगा कोकलला. भटजींनी पोथी छातीशी धरली. बँडवाल्यांना वाटलं, दुसरा बँड आला. बायांनी पोरं ओढली. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका अनुभवी माणसानं नाक वर करून हवा हुंगली आणि जाहीर केलं:

“काई नाई जी. वांगे झाले.”

लोक उठले आणि जेवायला गेले.

दुसऱ्या लग्नात हुंगायचीही गरज पडली नाही. तिसऱ्यापासून भोंगा म्हणजे जेवण हे भातकुली रोडवर सर्वमान्य झालं. पाहुणे येतानाच विचारू लागले, “भोंगा व्हाचा आहे नं अजून?” आणि नाही म्हटलं की निवांत बसत. एक म्हातारबुवा जरा कमी ऐकायचे; ते नातवाला सांगून डुलकी काढत, “भोंगा वाजला का हालव मले.” विज्ञान तळागाळात पोचतं म्हणतात, ते असं.

सूर्यभानजी मात्र हवालदिल झाले. त्यांनी शेखरला फोन लावला.

“अबे, तठून वाटी काढ. दर लगनात बोंबलते.”

“काढता येत नाई काका. नकाशात दाखवली आहे.”

“मंग भट्टी हालवू?”

“ते बी नकाशात आहे.”

लीलाबाई बाजूला लसूण सोलत होत्या. “राहू द्या नं,” त्या म्हणाल्या, “माइकवर घसा फोडाव लागत नाई. एका झटक्यात हॉल खाली होते.”

“पन त्या मॅडम चाचणीले येतील तवा? लोकायनं घाबराव लागते त्याच्यात!”

“घाबराव लागते असं कोठं लिहिलं आहे?”

कुठंच लिहिलं नव्हतं. सूर्यभानजींनी नोटीस दोनदा वाचून पाहिली.

मॅडम म्हणजे अग्निशमन अधिकारी गीतांजली मॅडम. नुकत्याच दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या, त्यामुळे कामात उत्साह शिल्लक होता. त्या एका भरगच्च लग्नात, कोणाला न सांगता, साध्या साडीत येऊन मागे बसल्या. जिल्ह्यातले सगळे हॉल त्यांनी असेच तपासले होते आणि अनुभव वाईट होता. एके ठिकाणी भोंगा वाजल्यावर लोकांनी मोबाइल काढून त्याचाच व्हिडिओ केला होता. दुसरीकडे एकानं उठून भोंग्याची वायर तोडली आणि त्याला टाळ्या पडल्या.

इथं त्यांनी पिशवीतून चाचणीच्या धुराचा डबा काढला, काठीला लावून छताच्या वाटीखाली धरला. सूर्यभानजींनी ते स्टेजवरून पाहिलं आणि ते खाली धावले. भोंगा वाजला.

आणि हॉल उठला. सगळा. आज्या उठल्या, मांडीवरची पोरं उठली, पत्त्यांचा डाव अर्धा टाकून जावई उठले. किंकाळी नाही, चेंगराचेंगरी नाही. एक बाई तर शेजारणीला म्हणत होती, “चप्पल मागून घालू, आधी चाल.” सगळ्यांची तोंडं एकाच दाराकडे. कमी ऐकणारे म्हातारबुवा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. नवरा-नवरीही उपरणं-शेल्याची गाठ सांभाळत निघाली. बघता बघता हॉलात मॅडम, सूर्यभानजी आणि एसी एवढेच उरले.

मॅडमच्या हातातली काठी तशीच राहिली. “सूर्यभानजी, मी पुष्कळ हॉल पाहिले. असं कुठं पाहिलं नाही. कधी प्रशिक्षण दिलंत यांना?”

“हळूहळू होत गेलं जी,” सूर्यभानजी म्हणाले.

“पण इतकी शिस्त?”

“लोकायलेच आवड आहे.”

त्या मागच्या दारानं बाहेर आल्या. लॉनवर माणसं रांगेनं, शांतपणे, पाटांवर बसली होती. “हे जमण्याचं ठिकाण ठरलेलं आहे का?” त्यांनी विचारलं. ठरलेलंच होतं. मॅडमनी मान डोलावली. पंगतीतला एकजण मात्र भट्टीकडे पाहून ओरडला, “सहदेव महाराज, भोंगा तर वाजला, वाढून नाई राहिले काहून?” भाजी अजून चिरायची होती. सूर्यभानजींनी डोळ्यांनी खूण केली आणि सहदेवनं आधी पापड वाढले. मॅडमना वाटलं, लोकांचं मनोधैर्य टिकवायला अल्पोपाहार देतात. त्यांनी तेही कौतुकानं टिपून घेतलं.

प्रमाणपत्र चार दिवसांत आलं. सूर्यभानजींनी ते काचेत बसवलं, त्याला घरच्या झेंडूचा हार घातला आणि अकोल्याला फोन केला.

“इवाईबुवा, हॉल पक्का झाला.”

“म्या त म्हनलंच होतं,” नत्थुजी म्हणाले. त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी उन्हानं अकोला आणि अमरावती दोघांचीही गय केली नाही. नत्थुजींची माणसं दोन बसमधून उतरली ती लालबुंद होऊन, आणि हॉलात शिरल्या शिरल्या अशी गप्प झाली, की जणू देवळात आली. नत्थुजी पुढच्या सोफ्यावर बसले. शेजारी मामा, मग थोरले जावई, मग बाकीचे, मानाच्या उतरंडीनं. नत्थुजींनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा आपल्या माणसांकडे, आणि पाय लांब केले.

मांडव देखणा होता. फुलशेतकऱ्याच्या मुलीचा मांडव, म्हणून संपूर्ण फुलांचा. फक्त फुलं प्लास्टिकची. खरी फुलं एसीत मलूल पडतात आणि फोटोत बरी येत नाहीत, असं डेकोरेशनवाला म्हणाला होता. पलीकडच्या शेतात झेंडू भरात होता, पण त्याला फोटोचं काही कळत नव्हतं. नवरीच्या प्रवेशाला दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडणार होती. ‘थंडे अनार,’ डेकोरेशनवाल्यानं सांगितलं होतं, ‘हात धरला तरी भाजत नाई.’ हात कोणीच धरून पाहिला नव्हता.

आकांक्षा आली, गाणं लागलं, कारंजी उडाली. स्टेजवर उभ्या नवरदेवानं, शुभमनं, तिच्याकडे पाहिलं. मांडवाच्या मागच्या पडद्यानं कारंज्याकडे पाहिलं. पडदा आधी पेटला.

भोंगा वाजला.

लग्न अजून लागायचं होतं. अक्षता लोकांच्या मुठीत होत्या. पण भोंगा म्हणजे भोंगा. मुलीकडचे निम्मे लोक सवयीनं उठले, उरलेले ते उठले म्हणून उठले. “आज लवकरच फोडणी देल्ली बाप्पा,” असं म्हणत अख्खी बाजू, मुठीत अक्षता घेऊन, शिस्तीत लॉनवर गेली. आकांक्षानं मागे ज्वाळा पाहिली, शुभमचा हात धरला आणि त्यालाही ओढत नेलं. भटजी त्यांच्या पुढे होते.

सूर्यभानजी त्या वेळी भट्टीपाशी होते. लॉन भरताना त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी चेहरे पाहिले. सगळे ओळखीचे होते.

“इवाई कुठी आहेत?”

लीलाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. “आत. तुमी बोलावलं का त्यायले?”

सूर्यभानजी आत धावले. मांडवाचा मागचा भाग पेटला होता, प्लास्टिकची शेवंती थेंब थेंब गळत होती, छताखाली काळा धूर पसरत होता, आणि दोन बस माणसं सोफ्यांवर आणि खुर्च्यांवर ताठ बसून समोर पाहत होती. कोणी कोणी खोकत होतं, पण मान राखून.

“इवाईबुवा, उठा! आग लागली!”

नत्थुजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. “हे जेवाले बोलावनं आहे का?”

“जेवाले नाई हो! आग! हे पाहा, धूर!”

“फोडनीचा आहे,” नत्थुजी म्हणाले. “आमाले शुभमनं सांगतलं आहे सगळं. तुमच्या अठी भोंगा वाजला का लोक जेवाले पळतात. पळा तुमी. आमी भोंग्यावर उठनारे लोक नोहे. आमी वराकडले आहो.”

“अहो, लगन लागाचं आहे अजून, जेवन कायचं!”

“तेच म्हनतो मी. लगनाच्या आधी जेवन! आन् तेबी आमाले सोडून!” मामा मध्ये पडले, आणि खोकले.

“पोरगं बी गेलं तिकडं,” थोरले जावई म्हणाले. “अक्षता पडल्या नाई तं तिकडचा झाला.”

हा वार खोल गेला. नत्थुजींनी हाताची घडी घातली. मागच्या रांगेतल्या एका पोरसवदा पाहुण्यानं उठायचा विचार केला; आईनं त्याला खाली ओढलं. “मोठे बसले आहेत, दिसत नाई का?”

सूर्यभानजींना रडू आलं. धुरानं की कशानं, हे पुढे त्यांनाही सांगता आलं नाही. मुलीचा संसार, दोन बस माणसं, हॉल, सगळं एका सोफ्यावर हाताची घडी घालून बसलं होतं. त्यांनी नत्थुजींच्या दंडाला धरून ओढायला हात पुढे केला. नत्थुजींनी त्या हाताकडे असं पाहिलं, की तो परत आला.

तेवढ्यात मागून लीलाबाई आल्या. पदर नाकाला, हातात ताट. ताटात कुंकू, टोप्यांची चळत, दुपट्टे.

“टोपी घाला त्यायले,” त्या पदराआडून म्हणाल्या. “बोलत नोका बसू.”

सूर्यभानजींनी ताट घेतलं. वर एक झालर तुटून मांडवात पडली. त्यांनी नत्थुजींच्या कपाळी कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा घातला, हात जोडले आणि म्हणाले, “नत्थुजी, चला जी. तुमच्याबिगर पंगत अडली आहे.”

“आता कसं,” नत्थुजी म्हणाले आणि उठले. पण निघाले नाहीत. “मामाले?”

मामांना कुंकू लागलं. मग थोरले जावई. घाईत सूर्यभानजींनी धाकट्या जावयाला आधी टोपी घातली. ती काढून थोरल्याला घालावी लागली, कारण थोरले पुन्हा बसले होते. लीलाबाईंनी बायांकडचं धरलं. हळद-कुंकू लावत त्या अशा वेगानं रांगेतून गेल्या, की कुंकू कोणाच्या भुवईवर, कोणाच्या नाकावर. माणसं उठत गेली, मानाच्या क्रमानं, एकामागून एक, टोप्या सावरत, खोकत. टोप्या संपल्यावर नुसत्या दुपट्ट्यांवर भागवलं, दुपट्टे संपल्यावर नुसत्या हात जोडण्यावर, आणि शेवटच्या रांगा धूर इतका खाली आल्यावर निघाल्या, की हात जोडलेले दिसत नव्हते, पण जोडले आहेत असं गृहीत धरण्यात आलं.

सगळ्यात शेवटी सूर्यभानजी आणि लीलाबाई बाहेर आले. मागे मांडव बसला.

कोणाला खरचटलंही नाही. सहदेवनं पाण्याचे पिंप आणि नंतर अख्खा मठ्ठा दारातून फेकला. मग गीतांजली मॅडमची गाडी आली आणि तिनं उरलेलं विझवलं. मॅडम काळवंडलेल्या हॉलात फिरून आल्या. चेहरा गोंधळलेला होता.

“मुलीकडचे लगेच बाहेर आले, सूर्यभानजी. तसंच सगळ्यांनी यायचं होतं. मुलाकडच्यांना एवढा उशीर का?”

“त्यायले बोलवाव लागते जी,” सूर्यभानजी म्हणाले.

मॅडमनी काही लिहिलं, मग खोडलं. काचेतलं प्रमाणपत्र काढून घेतलं, त्यावरचा झेंडूचा हार सूर्यभानजींच्या हाती दिला आणि हॉलला कुलूप घातलं.

सूर्यभानजी हार धरून उभे राहिले. दुपार डोक्यावर होती, मुहूर्त सरत चालला होता. कुलूप लागलेलं दार, लॉनवर पाण्याचा आणि मठ्ठ्याचा चिखल, आणि समोर नत्थुजी. त्यांच्या टोपीखालून घाम वाहत होता.

“इवाईबुवा,” सूर्यभानजी म्हणाले, “थंडी हवा गेली. आता तुमीच सांगा.”

नत्थुजींनी आपल्या माणसांकडे पाहिलं. बहुतेकांच्या डोक्यावर टोप्या होत्या, कपाळी कुंकू होतं, आणि पेटत्या मांडवाखाली मान मिळालेला व्याही अकोल्यात दुसरा कोणी नव्हता. हे त्यांना आत्ताच सुचलं असावं.

“आग लागली तरी मानात कमी नाई पडू देल्लं तुमी,” ते म्हणाले. “थंड्या हवेचं काय, ते मशीन कोनीबी लावते. पोरी-पोराले बोलवा. पन कोठं लावता लगन?”

सूर्यभानजींनी इकडे तिकडे पाहिलं. कोरडी अशी एकच जागा होती. ते मॅडमकडे गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, पार्किंगमध्ये लावलं त चालन का? त्याची चाचणी, प्रमाणपत्र... आजच्या आज होईन का काही?”

मॅडम गाडीत बसत होत्या. “कसलं प्रमाणपत्र? उघडी जागा आहे ती.”

गाड्या बाजूला घेतल्या. आकांक्षा-शुभमचं लग्न त्या दुपारी पार्किंगमध्ये लागलं. पार्किंगला छत नाही, आणि छत नसलेल्या जागेला प्रमाणपत्र लागत नाही.